नोकरी सांभाळून, डिग्रीला नाव न घालता लर्निंग डिझाइनचे मास्टर्स लेव्हलचे कोर्स घ्यावेत का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही बी.एस्सी. नर्सिंग, अकरा वर्षं वॉर्ड आणि आयसीयू, आणि गेली तीन वर्षं घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स एज्युकेटर. नव्या सिस्टर्सचं इंडक्शन आणि दर महिन्याची ट्रेनिंग्ज तुमच्याकडे आहेत. पोस्ट टेस्टला सगळ्या पास होतात आणि वॉर्डात मात्र काहीच बदलत नाही, हे तुम्हाला खुपतंय. म्हणून हे ट्रेनिंग डिझाइन करणं, म्हणजेच लर्निंग डिझाइन, नीट शिकायचंय, पण मुलगी शाळेत, सासूबाईंची तब्येत, ड्युटी, त्यात दोन वर्षांचं मास्टर्स बसणार नाही, आणि परदेशी युनिव्हर्सिटीचे एकदोन कोर्स डिग्रीशिवाय घेता येतात असं कळलंय तर ते घ्यावेत का, की पैसे पाण्यात जातील.

माझं उत्तर आहे, घ्या. फक्त कुठला घ्यायचा हे ज्या पद्धतीने तुम्ही ठरवताय ती मला बरोबर वाटत नाही, त्यामुळे जरा लांबण लावून लिहितेय.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. ठाण्यात एका शाळेत सहा वर्षं सायन्स शिकवलं, मग २००९ साली महापेच्या एका ई-लर्निंग कंपनीत लागले, तेव्हापासून हेच काम. राहते ऐरोलीला. या विषयातली डिग्री मी आजवर केलेली नाही, पण नॉन-डिग्री म्हणून क्रेडिटवाले (क्रेडिट म्हणजे डिग्रीसाठी मोजायचं अभ्यासाचं माप) चार कोर्स केलेत, सहा वर्षांत मिळून, आणि दोन नुसते ऑडिट केलेत. गेली सात-आठ वर्षं आमच्याकडे इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे ट्रेनिंग डिझाइन करणारा माणूस, घ्यायचा असला की इंटरव्ह्यूला मी बसते.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हटलं की बी.ए., बी.कॉम. झालेला माणूस डोळ्यासमोर येतो, पण अमेरिकेत ग्रॅज्युएट कोर्स म्हणजे आपल्या भाषेत पदव्युत्तर, मास्टर्सच्या वर्गातला विषय. नॉन-डिग्री म्हणजे त्याच वर्गात, त्याच प्राध्यापकांकडे, त्याच असाइनमेंट करत तुम्ही बसायचं, मार्क मिळणार, ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या अधिकृत गुणपत्रकावर, नोंद होणार, पण तुम्ही कुठल्याही डिग्रीला ॲडमिशन घेतलेली नसते. ऑनलाइन घेतला तर व्हिसाचा प्रश्न नाही. बहुतेक ठिकाणी जीआरई वगैरे प्रवेशपरीक्षा मागत नाहीत, आधीची पदवी आणि एक फॉर्म, क्वचित इंग्रजीची परीक्षा. ऑडिट हा आणखी वेगळा प्रकार, त्यात नुसतं बसून ऐकायचं, ग्रेड नाही आणि बहुतेक वेळा तुमचं काम कोणी तपासतही नाही.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. लर्निंग डिझाइनमधली माहिती फुकट मिळते. ॲडी मॉडेल (ट्रेनिंग बनवायचे पाच टप्पे), ब्लूमची शिकण्याच्या उद्दिष्टांची १९५६ची वर्गवारी आणि २००१ साली केलेली तिची दुरुस्ती, बॅकवर्ड डिझाइन (आधी शेवट ठरवून मग मागे येत आखणी), चित्र-आवाज-मजकूर एकत्र कसे वापरायचे याची मेयरची मल्टिमीडियाची तत्त्वं, ट्रेनिंगचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या, हे सगळं तुम्हाला एका पावसाळ्यात घरबसल्या वाचून होईल, आणि तुम्ही वाचाल याची मला खात्री आहे. लाख-दीड लाख रुपये देऊन जे विकत घ्यायचं ते वेगळंच आहे: जाणकार माणसाने तुमचं स्वतःचं काम ओळ न ओळ वाचून त्यावर लिहिलेले शेरे, आणि ते काम ठरलेल्या तारखेला पूर्ण करायला लावणारी डेडलाइन. या दोन गोष्टी यूट्यूबवर मिळत नाहीत. त्यामुळे युनिव्हर्सिटीचं नाव, कोर्सचं नाव, लोगो हे सगळं बाजूला ठेवा आणि सिलॅबसमध्ये फक्त हे बघा की असाइनमेंट काय आहेत, त्या एकमेकींवर चढत जातात का, त्यात स्वतःच्या नोकरीतला प्रश्न वापरू देतात का, आणि त्यांच्यावर फीडबॅक कोण देणार, किती दिवसांत देणार.

माझा पहिला कोर्स सांगते. २०१४ची गोष्ट, जानेवारीत सुरू झाला. वर्ग त्यांच्या संध्याकाळी ७ला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे सरकतात, तेव्हापासून तोच वर्ग साडेचारला झाला आणि पहिल्या आठवड्यात मी तासभर उशिरा लॉगिन केलं, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, माइक बंद, शेजारी कुकर लावलेला. तिसऱ्या आठवड्यात आम्हाला स्वतःच्या कामातल्या एका ट्रेनिंगचं एक पानी डिझाइन द्यायचं होतं. मी एका इन्शुरन्स कंपनीच्या कॉल सेंटरचं ट्रेनिंग घेतलं, ते मी पाच वर्षं करत होते, हातखंडा विषय. पहिलं उद्दिष्ट लिहिलं, एजंटला क्लेमची प्रक्रिया समजेल. चार दिवसांनी ते पान परत आलं त्यावर अकरा शेरे होते, आणि पहिल्या उद्दिष्टापुढे एकच प्रश्न, की हे समजलेला माणूस सोमवारी सकाळी फोन उचलल्यावर नेमकं काय करताना दिसेल, आणि न समजलेला काय करताना दिसेल?

मला उत्तर देता आलं नाही. पाच वर्षं मी ते ट्रेनिंग बनवत होते. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन हेडफोन लावून तीसेक कॉल ऐकले आणि लक्षात आलं की एजंटना प्रक्रिया पाठ आहे, ते अडकतात कुठे तर माणूस रडायला लागला की. समोरची बाई नवरा गेल्याचं सांगतेय आणि हे पॉलिसी नंबर मागतायत, मग फोन तुटतो, मग तक्रार येते. ते ट्रेनिंग आम्ही नंतर मुळापासून पुन्हा लिहिलं. हा एक शेरा मला त्या कोर्सच्या सगळ्या फीपेक्षा जास्त देऊन गेला, आणि तो कुठल्याही पुस्तकात नव्हता कारण तो माझ्या पानावर होता.

आता तुमचंच उदाहरण घेऊ. तुम्ही इन्फ्युजन पंपाच्या, म्हणजे शिरेतून औषध ठरलेल्या वेगाने सोडणाऱ्या यंत्राच्या, ट्रेनिंगबद्दल लिहिलंय, साठ स्लाइड, दीड तास, शेवटी वीस मार्कांची टेस्ट, सगळ्यांना सतरा-अठरा, आणि तरी राउंडला गेलात की रेट चुकीचा सेट केलेला सापडतो किंवा हाय अलर्ट, म्हणजे चुकलं तर जिवावर बेतू शकणाऱ्या, औषधाची दुसऱ्या सिस्टरने केलेली तपासणी नुसती सही करून उरकलेली असते. चांगल्या डिझाइन कोर्समध्ये हा प्रश्न घेऊन गेलात तर पहिले तीन आठवडे तुम्हाला स्लाइडला हातच लावू देणार नाहीत. आधी विचारतील की हा ट्रेनिंगचा प्रश्न आहे का. सिस्टरला पंप सेट करता येत नाही, की येतो पण रात्री एकाच वॉर्डात एकच सिस्टर आणि दुसरी सही करायला खालच्या मजल्यावरून बोलवावी लागते? पंपाचे तीन वेगवेगळे मेक आहेत का, आणि एकाचं बटण दुसऱ्यापेक्षा उलट बाजूला आहे का? अलार्म खरंच ऐकू येतो का, की वॉर्डात सतत इतके अलार्म वाजतात की कान सरावलेत? यातल्या अर्ध्या गोष्टी तुम्हाला आधीच माहीत आहेत, तुम्ही अकरा वर्षं तिथे उभ्या होतात. कोर्स तुम्हाला त्या एका क्रमाने मांडायला लावेल, आणि मेट्रनसमोर किंवा मेडिकल डायरेक्टरसमोर कागदावर ठेवता येतील अशा करेल. मग जे खरोखर कौशल्याचं उरेल, समजा मिलीलिटर पर तास आणि मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट यांतला हिशोब, तेवढ्यावरच ट्रेनिंग, आणि तेही खऱ्या पंपावर, खऱ्या ऑर्डरचा कागद हातात देऊन, मध्ये कोणीतरी हाक मारून लक्ष विचलित करून, कारण वॉर्डात तसंच होतं. आणि मोजायचं काय, तर वीस मार्कांची टेस्ट सोडून पंधरा दिवसांनी वॉर्डात जाऊन दहा पंप बघायचे. कर्कपॅट्रिकची तिसरी पायरी म्हणतात ती हीच, वागण्यातला बदल, आणि आपल्याकडची बहुतेक ट्रेनिंग्ज पहिल्या दोन पायऱ्यांवर, म्हणजे आवडलं का आणि पाठ झालं का यावरच थांबतात.

म्हणून माझा आग्रह, कोर्स शोधायच्या आधी असा एक प्रश्न एका पानावर लिहून ठेवा. ते पान हातात असेल तर कोर्स निवडणं सोपं जातं, नसेल तर कोर्स कितीही चांगला असो, तुम्ही असाइनमेंटसाठी एखादा काल्पनिक विषय घ्याल आणि फीडबॅकही काल्पनिक विषयावरच मिळेल. माझा तिसरा कोर्स असाच गेला. आणि दुसऱ्या कोर्सच्या वेळी वेगळंच झालं, युनिव्हर्सिटी नावाजलेली, नाव मुद्दाम घेत नाही, पण पूर्ण सेमिस्टरमध्ये माझ्या चार असाइनमेंटवर मिळून सहा ओळींचा फीडबॅक, सगळ्यांना ए ग्रेड. ट्रान्सक्रिप्टवर तो ए अजून आहे, कामाला काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी नाव नोंदवायच्या आधी थेट प्राध्यापकांना ईमेल करते, की मी नोकरी करते, हा माझा प्रश्न आहे, तुमच्या कोर्सात तो वापरता येईल का, आणि ड्राफ्टवर शेरे मिळतात की फक्त फायनलवर. जे तीन-चार दिवसांत नीट उत्तर देतात ते कोर्समध्येही देतात, निदान माझा अनुभव तसा आहे.

वेळेचं गणित स्पष्ट सांगते कारण माणसं यातच फसतात. अमेरिकेतला ३ क्रेडिटचा कोर्स म्हणजे साधारण ४५ तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचं काम, एकूण १३५ तासांच्या आसपास. पंधरा आठवड्यांत पसरला तर आठवड्याला ९ तास. तोच कोर्स काही ठिकाणी सात-आठ आठवड्यांत कोंबतात, जाहिरातीत लवकर संपेल म्हणून छान वाटतं, पण मग आठवड्याला १७-१९ तास लागतात आणि ते शिफ्ट ड्युटीवाल्याला शक्य नाही, तुम्ही त्या वाटेला जाऊच नका. ९ तासांपैकी चारेक तास वाचनाचे असतात, ते घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये होतील, मी माझं निम्मं वाचन ठाणे-वाशी लोकलमध्ये केलंय. लिहायचं काम मात्र बसमध्ये होत नाही. त्याला टेबल लागतं आणि सलग अडीच तास लागतात, आठवड्यातून दोनदा. ते दोन वेळ कुठून काढणार हे घरच्यांशी बसून आधी ठरवा, वार आणि वेळ ठरवून, कॅलेंडरवर लिहून. बघू, करू म्हणून सोडलंत तर तिसऱ्या आठवड्यात मागे पडाल. ऑनलाइन कोर्समध्ये साधारण बुधवार-गुरुवारपर्यंत चर्चेत स्वतःची पोस्ट आणि रविवारपर्यंत दोघांना उत्तरं असा रतीब असतो, त्यालाही मार्क असतात आणि रोस्टर बदललं म्हणून तो थांबत नाही.

सुरुवात जानेवारीत करा. त्यांचं फॉल सेमिस्टर ऑगस्ट शेवट किंवा सप्टेंबरात सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं, म्हणजे गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं त्याच्या पोटात, आणि त्यांची मिड टर्म असाइनमेंट नेमकी आपल्या फराळाच्या आठवड्यात येते. जानेवारी ते मे मध्ये मुलीची वार्षिक परीक्षा येईल तेवढीच. तुमच्या हॉस्पिटलची ॲक्रेडिटेशनची (मान्यतेची) तपासणी कधी आहे तेही बघून घ्या, त्या महिन्यात तुम्हाला डोकं वर काढता येणार नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पैसे. अमेरिकन सरकारी युनिव्हर्सिटीत ऑनलाइन ग्रॅज्युएट क्रेडिट साधारण ४०० ते १,००० डॉलरला पडतं, म्हणजे ३ क्रेडिटचा एक कोर्स साधारण एक लाखापासून अडीच-पावणेतीन लाखांपर्यंत, वर टेक्नॉलॉजी फी वगैरे किरकोळ. क्रेडिट कार्डाने भरलं तर बँक फॉरेन करन्सी मार्कअप लावते, दोन-साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, त्यामुळे मोठी रक्कम बँकेतून वायर ट्रान्सफरने पाठवणं परवडतं का ते आधी विचारा. ती रक्कम लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, जाते, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापत नाहीत, तेव्हा एका कोर्सला त्याची काळजी नाही. नॉन-डिग्रीवाल्यांना स्कॉलरशिप जवळजवळ नसतेच. रिफंडचं वेळापत्रक नाव नोंदवायच्या दिवशीच वाचा, पहिल्या आठवड्यात सोडलं तर बहुतेक पैसे परत आणि नंतर दर आठवड्याला कमी होत जातात.

हॉस्पिटलकडून काही मिळतंय का ते जरूर बघा, एचआरकडे ट्रेनिंगचं बजेट असतं आणि नर्सिंगच्या वाट्याला ते क्वचित येतं म्हणून कोणी मागत नाही. पण जे ठरेल ते ईमेलवर लेखी घ्या. माझ्या एका जुन्या कंपनीत मॅनेजर तोंडी हो म्हणाले, मध्येच त्यांची बदली झाली, नवीन आले त्यांनी हात वर केले, सगळी फी माझ्या अंगावर पडली. लेखी देताना बाँड घालतायत का, आणि किती वर्षांचा, तेही बघा. एका कोर्ससाठी दोन वर्षांचा बाँड मी तरी सही करणार नाही.

कागदपत्रांत तुमचं एक बरं आहे. आपल्या तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम.ला अमेरिकेत बऱ्याच युनिव्हर्सिटी पूर्ण पदवी धरत नाहीत, मला त्यासाठी बी.एड. जोडून दाखवावं लागलं होतं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे, तिथे तुमची अडचण होऊ नये. ट्रान्सक्रिप्ट मात्र तुम्हाला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून काढावी लागेल, माझी मुंबई युनिव्हर्सिटीची होती म्हणून मी कलिनाला परीक्षा भवनात तीन फेऱ्या घातल्या. हे काम नोव्हेंबरात नाही, सप्टेंबरातच सुरू करा, आणि एकाच वेळी तीन-चार सीलबंद प्रती काढून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मार्कशीट, पासपोर्ट आणि फॉर्म यांवर एकच नाव येईल असं बघा, यात महिना सहज जातो.

पुढे डिग्री करावीशी वाटली तर हे क्रेडिट चालतात का, असं तुम्ही विचारलंय. त्याच युनिव्हर्सिटीत बहुतेक वेळा चालतात, पण मर्यादेत, साधारण ९ ते १२ क्रेडिट, ग्रेड बी किंवा वर हवी, आणि पाच-सात वर्षांत वापरले नाहीत तर कालबाह्य होतात. दुसऱ्या युनिव्हर्सिटीत न्यायचे म्हणाल तर सगळं त्यांच्या मर्जीवर. आणि नॉन-डिग्री कोर्स चांगले केले म्हणून ॲडमिशन मिळेलच असंही नाही. हार्वर्डच्या एक्स्टेन्शन स्कूलमध्ये उलट पद्धत आहे, तिथे बहुतेक कोर्सला कोणीही नाव नोंदवू शकतं आणि डिग्री हवी असेल तर आधी काही कोर्स चांगल्या ग्रेडने करून दाखवूनच अर्ज करायचा असतो, पण एका ग्रॅज्युएट कोर्सची फी तीन हजार डॉलरच्या वर आहे. एडिनबरा युनिव्हर्सिटीत डिजिटल एज्युकेशनच्या एम.एस्सी.चे सुटे कोर्स प्रोफेशनल डेव्हलपमेंट म्हणून घेता येतात, आणि ब्रिटनचं घड्याळ आपल्याला सोयीचं पडतं, त्यांची दुपार ती आपली संध्याकाळ. कॅनडात अथाबास्का ही पूर्ण दूरशिक्षणाचीच युनिव्हर्सिटी आहे, तिथेही प्रोग्रॅमबाहेरच्या विद्यार्थ्यांना ग्रॅज्युएट कोर्स घेता येतात. तिन्हींच्या वेबसाइटवर त्या त्या सेमिस्टरचे सिलॅबस बघा आणि मी वर सांगितलेली चाळणी लावा.

सरकारी नोकरीत किंवा नर्सिंग कॉलेजात लेक्चररच्या पोस्टला हे कोर्स धरत नाहीत हे लक्षात असू द्या. आणि नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशन रिन्यूअलला लागणारे सीएनईचे (कंटिन्यूइंग नर्सिंग एज्युकेशनचे) क्रेडिट अवर्स वेगळे आणि हे युनिव्हर्सिटीचे क्रेडिट वेगळे, दोन्हींत क्रेडिट हा शब्द आहे म्हणून गल्लत करू नका.

इथल्या पर्यायांबद्दल थोडंसं, कारण परदेशीच पाहिजे असं काही नाही. सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी वगैरेंनी चालवलेले, कोर्स आहेत, शिकायला फुकट, परीक्षा द्यायची असेल तर १,००० रुपये, बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ असाइनमेंटचे २५ टक्के आणि सेंटरवर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के. पाया पक्का करायला उत्तम, शिक्षणशास्त्राचा किंवा एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा एखादा कोर्स आधी यातून कराच, म्हणजे लाखभर रुपये घालायच्या आधी आठवड्याला इतके तास निघतायत का हेही कळेल. पण तिथे हजारो विद्यार्थी असतात, तुमच्या पंपाच्या पानावर कोणी शेरे लिहिणार नाही. पवईला आयआयटीत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचं सेंटर आहे, तिथे मुख्यतः पीएच.डी.चं काम चालतं, पण त्यांनी शिक्षकांसाठी केलेले ऑनलाइन कोर्स मिळाले तर बघा, व्हिडिओ मध्येच थांबवून तुम्हाला विचार करायला आणि लिहायला लावतात, ती पद्धतच शिकण्यासारखी आहे. एसएनडीटीच्या जुहू कॅम्पसला एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा डिपार्टमेंट जुना आहे, ठाण्याहून रोज जाणं अवघड, पण जाऊन भेटून या, माणसं मोकळेपणी बोलतात. इग्नूचा दूरशिक्षणातला पीजी डिप्लोमा आणि एम.ए. दोन्ही आहेत, फी परवडणारी, दूरशिक्षण कसं चालवायचं यावर भर आहे, तुमच्या प्रश्नाला थोडं लांबून लागू पडेल. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झालीय, त्यात खातं उघडून ठेवा, इथल्या मान्यताप्राप्त संस्थांचे क्रेडिट त्यात जमा होतात, परदेशातले होत नाहीत.

इंग्रजीची भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत, मराठी माध्यम म्हणून. माझंही मराठी माध्यम. शुद्धलेखनाला तिथे फार मार्क जात नाहीत, मुद्दा धूसर असला तर जातात. मी अजूनही अवघड असाइनमेंटचा पहिला मसुदा मराठीत हाताने लिहिते, काय म्हणायचंय ते एकदा स्पष्ट झालं की इंग्रजीत उतरवायला वेळ लागत नाही. एपीए या ठरलेल्या पद्धतीने पुस्तकं-पेपरांचे संदर्भ द्यायचे असतात, ते दोन दिवसांत जमतं. एआय वापरायची परवानगी किती हे प्रत्येक सिलॅबसमध्ये वेगळं लिहिलेलं असतं, वाचून मगच वापरा, आणि वापरलंत तर तसं सांगा. ऑनलाइन वर्गात बाकीचे शिक्षक, कॉर्पोरेट ट्रेनर असे असतील, वॉर्ड-आयसीयूत अकरा वर्षं काढलेली तुम्ही बहुधा एकटीच असाल, तिथे तुमच्या पोस्ट लोक लक्ष देऊन वाचतील. पेशंटची माहिती, केस पेपर, हॉस्पिटलचं नाव यातलं काहीही असाइनमेंटमध्ये जाऊ देऊ नका, एवढं मात्र कडक पाळा.

आणि नोकरीच्या बाजूने विचाराल तर, इंटरव्ह्यूला बसणारी म्हणून सांगते. सीव्हीत परदेशी युनिव्हर्सिटीचा एक कोर्स दिसला तर मी त्यावर एक प्रश्न विचारते, यात तुम्ही काय बनवलंत ते दाखवा. मागच्या वर्षी एका मुलीने चार पानं काढून समोर ठेवली, पहिला ड्राफ्ट, त्यावरचे शेरे, दुसरा ड्राफ्ट, आणि शेवटी ट्रेनिंगनंतर महिन्याभराने काय बदललं त्याची आठ ओळींची नोंद. तिच्याकडे एकच कोर्स होता. आम्ही तिला घेतलं. तुमचं काम असं जपून ठेवा, प्रत्येक ड्राफ्ट तारखेसकट, कारण कोर्स संपला की त्यांच्या सिस्टिमवरचं तुमचं लॉगिन काही महिन्यांत बंद होतं आणि शेरेही त्याच्यासोबत जातात. कोर्स चालू असताना लायब्ररीचं लॉगिन मिळतं, त्याचा पुरेपूर फायदा घ्या, नर्सिंग एज्युकेशनवरचे जे पेपर एरवी पैसे देऊन उघडावे लागतात ते डाउनलोड करून ठेवा, मी दर सेमिस्टरला शेवटचा आठवडा त्यासाठीच ठेवायचे.

तोपर्यंत, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट येईपर्यंत आणि जानेवारी उजाडेपर्यंत, पंपाचं ते एक पान लिहायला घ्या. त्यासाठी दोन रात्री वॉर्डात काढा, एज्युकेटर म्हणून राउंडला नको, नुसत्या एका कोपऱ्यात स्टूल घेऊन बसा, रात्री दोन ते पाच, आणि जेव्हा जेव्हा पंपाला हात लागतो तेव्हा कोणी लावला, का लावला, दुसरी सिस्टर कुठे होती, एवढंच वहीत टिपा. सिस्टर्सना आधीच सांगून ठेवा की हे कोणाच्या चुका काढायला नाहीये, नाहीतर त्या रात्री सगळं अगदी पुस्तकाप्रमाणे चालेल.